फराळाची वाट, पैशाची वाट

“जो म्हणेल ना, आमच्याकडे चार्ज नाही, त्याला पहिलं एवढंच विचारायचं: मग साहेब, आपलं पोट कशावर चालतं?”

रंगनाथकाका असं म्हणाले तेव्हा नम्रता हसली होती. हसली ती त्यांच्या बोलण्याला नव्हे, त्यांनाच. बँकेच्या परकीय चलन विभागात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले हे तळमजल्यावरचे काका सोसायटीत कुणालाही, कशाहीबद्दल सावध करत. लिफ्टच्या दाराबद्दल, पिशवीतल्या दुधाबद्दल, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाबद्दल. नम्रताची धाकटी बहीण ऋचा शिकायला नेदरलँड्सला निघाली, त्या संध्याकाळी ते मुद्दाम वर आले आणि बॅगांच्या गराड्यात उभं राहून पैसे कसे पाठवावेत यावर बोलू लागले. “हो काका, नक्की,” म्हणत नम्रताने त्यांच्या हातात चहा दिला आणि पुन्हा वजनकाट्याकडे वळली. तेवीस किलोच्या वर सातशे ग्रॅम. त्या वेळी तिच्या जगात तेवढाच एक धोका होता.

ऑगस्ट गेला, दिवाळी गेली. नोव्हेंबरातल्या एका बुधवारी दुपारी ऋचाचा मेसेज आला, तेव्हा नम्रता धड जागी नव्हती आणि धड झोपलेलीही नव्हती. चौदा महिन्यांच्या अवनीला दाढा येत होत्या. आठ दिवसांत नम्रताच्या झोपेच्या नुसत्या चिंध्या झाल्या होत्या; एक चिंधी पहाटेची, एक जेवणानंतरची, एक कुकरच्या दोन शिट्ट्यांमधली. डोळे मिटले की आत कुठेतरी पाणी हलतंय असं वाटे. वारज्याच्या त्या घराचे पडदे निळसर होते. दुपारचं ऊन त्यांतून गाळून आलं की अवनीचा पाळणा, कपाट, वाळत घातलेली दुपटी, सगळं तळ्याच्या तळाशी ठेवल्यासारखं दिसे.

त्या तळाशी फोन थरथरला.

“ताई, खोली मिळाली!!! डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून अकराशे पन्नास युरो. सोमवारी इथल्या दुपारी बारापर्यंत. नाही पोचले तर पुढच्या मुलीला देणार, अशी अकरा जणं रांगेत आहेत.”

दोन महिने ऋचा एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात झोपत होती. “रात्रभर फ्रिज माझ्याशी गप्पा मारतो,” असं ती हसून सांगे. आता त्या मैत्रिणीच्या घरमालकानेही बजावलं होतं, सोमवारनंतर दुसरं माणूस घरात दिसता कामा नये. आईवडील दोघंही गेल्यावर साताऱ्याचं घर विकून आलेले पैसे ऋचाच्या शिक्षणासाठी म्हणून नम्रताच्या खात्यात ठेवलेले होते. म्हणजे पैशाची अडचण नव्हती. अडचण होती ती अंतराची. पाच दिवसांत पैसे तिथे पोचायला हवे होते, आणि शक्यतो वाटेत न झिजता.

एका हाताने पाळणा हलवत नम्रताने दुसऱ्या हाताने शोधाशोध केली. एम.कॉम. झालेली बाई ती, आकड्यांना घाबरणारी नव्हती. पण आकडेच आज अंगावर पांघरूण घेऊन बसले होते. बँकेची फी एक, त्यावर कर, मधल्या कुठल्याशा बँकेची कपात, आणि युरोचा भाव बातम्यांत एक तर बँकेच्या पाटीवर दुसरा. सगळं मिळून साडेतीन-चार हजार जातील असा तिचा अंदाज आला. ऑनलाइन पाठवणाऱ्या कंपन्या स्वस्त होत्या, पण त्यांची नावं तिच्या परिचयाची नव्हती. स्क्रीनवर हसणाऱ्या कुटुंबांचे फोटो होते. इतकी हसणारी कुटुंबं नम्रताला नेहमीच संशयास्पद वाटत.

पैसे इथून निघतात, तिथे पोचतात. पण मधल्या दोन दिवसांत ते नेमके असतात तरी कुठे? पेंगता पेंगता तिला ते दिसले. समुद्राच्या तळावरून, हातात एकेक कंदील घेऊन, ओळीने चाललेले. कुणी वाट अडवली की एकेक कंदील काढून देत, पुढे सरकत.

मग तिला कौशल्याबाई आठवल्या.

पोरं युरोपात असलेल्या पुण्यातल्या दीडशे घरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. तिथे सगळा व्यवहार बॅगेतल्या जागेचा. “चौदा तारखेला ॲमस्टरडॅमला जातोय, दोन किलो जागा आहे, लोणचं नको,” असं कुणी लिहिलं की पाच मिनिटांत मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणीची झुंबड उडे. त्या झुंबडीच्या मुख्य अधिकारी म्हणजे कौशल्याबाई. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बुधवार पेठेत एकट्या राहणाऱ्या. मुलगा शंभू नेदरलँड्समध्येच, आइंडहोव्हनला. सगळ्यांची पुडकी त्यांच्याकडे जमा होत. दाराच्या चौकटीला टांगलेल्या ताणकाट्यावर त्या ती तोलत, बांधत आणि जाणाऱ्याच्या हवाली करत. ऋचाचा दिवाळीचा फराळ तसाच गेला होता. चकल्या त्यांनी डब्यात मुरमुऱ्यांत पुरून पाठवल्या. ऋचाने फोटो पाठवला. एकही चकली तुटली नव्हती.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर कौशल्याबाईंनी लिहिलं होतं: शंभूला इथल्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी रुपये लागताहेत. ज्यांच्या मुलांना तिथे युरो हवेत, त्यांना तो तिथे देईल, तुम्ही इथे रुपये द्या. बातम्यांतला भाव. चार्ज नाही.

नम्रताने फोन लावला.

“अगं, बँकांची धन कशाला करतेस?” कौशल्याबाईंचा आवाज फळ्यावर खडू ओढल्यासारखा लख्ख होता. “तुझी पोर तिथे, माझा पोरगा तिथे. तू इथे, मी इथे. पैसा जागचा हलतच नाही, तर वाटेत हरवेल कसा?”

पैसा जागचा हलतच नाही! नम्रताला ते अंगाईसारखं वाटलं. कंदील घेऊन चालणारी ती रांग एकदम थांबली आणि आपापल्या जागी निवांत बसली.

संध्याकाळी सलिलने, तिच्या नवऱ्याने, बूट काढता काढता विचारलं, “हे कायदेशीर आहे का पण?”

“सगळे करतात.”

“सगळे सिग्नलपण तोडतात.”

“तू कर मग! तू भर फॉर्म, तू हाफ डे टाक, तू उभा राहा काउंटरवर अवनीला घेऊन.” तिचा आवाज चढला, अवनी दचकली, आणि विषय तिथेच मिटला. ज्या हातांनी चकली तुटू दिली नाही, त्या हातांवर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा, हे तिने मनातल्या मनात सलिलला दहा वेळा ऐकवलं.

गुरुवारी सकाळी कौशल्याबाईंकडून खाते क्रमांक आला. तो त्यांच्या नावावर नव्हता; कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’चा होता. ‘शंभू म्हणतो, बिल्डरचा माणूस आहे, थेट तिथेच टाक,’ असं खाली लिहिलेलं. नम्रताने खातं जोडलं, रक्कम भरली, आणि शेवटच्या बटणावर तिचा अंगठा अडखळला. शंका म्हणावी एवढंही ते नव्हतं. अवनी शांत झोपली असताना ती श्वास घेतेय ना, हे पाहायला जसं उगाच वाकावं, तसं काहीतरी. शिवाय कौशल्याबाईंचा एक डबा तिच्याकडे राहिला होता. दिवाळीत त्यांनी अवनीसाठी चिवडा दिला होता त्याचा. परतीचा डबा रिकामा द्यायचा नसतो. तिने त्यात रव्याचे लाडू भरले, अवनीला कडेवर घेतलं आणि रिक्षा केली. पैसे काय, समोर बसूनही पाठवता येतील.

बुधवार पेठेतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, दिवसाढवळ्या दिवाळीच होती. दुकानादुकानांत दिव्यांच्या माळा लावून तपासत होते. लाल, हिरव्या, पुन्हा लाल. कौशल्याबाईंच्या जिन्याशेजारच्या दुकानात भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच समुद्र. वीस समुद्र, एकाच क्षणी एकच लाट फोडणारे. अवनीने तोंडातलं बोट काढलं आणि ती बघतच राहिली. नम्रताही. क्षणभर तिला वाटलं, या वीसांपैकी एका समुद्राच्या पलीकडे ऋचा उभी असेल, हात हलवत.

“या. चपला आत काढा, बाहेर राहिल्या तर परदेशी जातील,” कौशल्याबाईंनी दार उघडलं. अवनीला त्यांनी तिच्या परवानगीशिवाय घेतलं नाही. समोर बसून आधी नाव विचारलं. मग पाणी आलं, लाडवाची तपासणी झाली. “वेलदोडा जास्त आहे. पण तुम्ही पोरी करता हेच खूप.”

“शंभूदादा बरे आहेत ना?” नम्रताने सहज विचारलं.

कौशल्याबाईंचा चेहरा असा उजळला, की खालच्या माळांपैकी एखादी त्यांच्या आत कुणी लावली असावी. “काय सांगू तुला! तीन आठवड्यांत पोरगा बदललाच. आधी महिन्यातून एक फोन. तोही ‘बोल, पटकन बोल.’ आता रोज सकाळी मेसेज. आई, गोळी घेतलीस का. आई, जिना सावकाश उतर. काल म्हणाला, लहानपणी तुला फार त्रास दिला, माफ कर. अडतीस वर्षांत पहिल्यांदा!” त्यांनी चष्मा काढून पुसला. “देव उशिरा देतो, पण देतो.”

“फोनवर काय म्हणतात?”

“फोन नाही गं. जुना फोन पाण्यात पडला त्याचा. हा नवा नंबर. याचा माइक बिघडलाय, म्हणून लिहितोच.”

खोलीत खालच्या समुद्रांचा आवाज येत होता. नम्रताला तो एकदम फार मोठा वाटला.

“म्हणजे या तीन आठवड्यांत त्यांचा आवाज…”

“आवाजाचं काय घेऊन बसलीस? आवाज अडतीस वर्षं ऐकलाय मी. त्या आवाजात कधी गोळी विचारली नव्हती.”

नम्रताच्या मांडीवर अवनी लाडूचा कण बोटाने चिरडत होती. नम्रताला सगळं दिसलं होतं. झोपेतून वर येताना पाण्याचा पृष्ठभाग दिसतो तसं, लख्ख. तिला हेही दिसलं, की आपण पुढचं वाक्य बोललो तर या बाईचा एक मुलगा जाईल. लबाड असेल, पण रोज सकाळी येणारा. ‘मी नंतर पाठवते’ म्हणून उठता आलं असतं. तिचे पैसे तर खात्यातच होते.

“काकू, त्यांचा जुना नंबर आहे?”

“बंद आहे म्हणाला ना तो.”

“तुम्ही लावून पाहिलात?”

कौशल्याबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्गात चोरी पकडली गेली की पोरांकडे बघत असतील तसं. फक्त आज पकडलं कुणाला गेलं होतं हे त्यांनाही कळत नव्हतं. मग त्यांनी स्वतःच फोन घेतला, नंबर न बघता दाबला आणि स्पीकर लावला.

चौथ्या रिंगला उचलला.

“आई, मीटिंगमध्ये आहे मी. काय झालं? पटकन बोल.”

कौशल्याबाईंनी फोन नम्रतासमोर धरला. मग नम्रताच बोलली. कोण, काय, कसं. पलीकडे खुर्ची सरकली. “कुठला फ्लॅट? कसले हप्ते? माझा हाच नंबर आहे, आठ वर्षं आहे! आई, तू असं कसं… कुणाकुणाचे पैसे गेले?”

ग्रुपमधल्या तिघांचे. तिघांनीही आदल्या दिवशी पाठवले होते. एकाच्याही मुलाला अजून युरो मिळाले नव्हते. ‘उद्या येतील’ असं तो नवा नंबर म्हणत होता. नम्रताने तिथूनच १९३० ला, सायबर तक्रारीच्या नंबरला, फोन लावला. अर्धा तास अवनी रडली, पलीकडून प्रश्न आले, आणि खाते क्रमांक, तारीख, वेळ सांगता सांगता नम्रताला जाणवलं, की आपला हात कौशल्याबाईंनी धरलाय. त्या तिघांनाही तिने फोन करून तशाच तक्रारी द्यायला लावल्या.

संध्याकाळी ती तळमजल्यावरच्या दारात उभी राहिली. रंगनाथकाकांनी सगळं ऐकून घेतलं. ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर येऊन, तिचा चेहरा बघून, परत गेलं.

“अगं, खरा शंभू असता तरी हे चाललं नसतं,” ते म्हणाले. “परवाना नसताना परकीय चलनाची देवघेव, म्हणजे कायद्याचा भंगच. आणि समज, आले असते युरो. ते कुणाच्या तरी खात्यातून चोरलेले निघाले असते, तर तुझ्या बहिणीचं खातं गोठलं असतं. परक्या मुलखात पोलिसांना फराळाची गोष्ट सांगत बसली असती ती. आण तो फोन.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “फी बघू नकोस. फी हा दाखवायचा दात. आपण इथून अमुक रुपये टाकले, तर तिच्या हातात किती युरो पडतात, एवढं एकच बघ. सगळीकडे तोच एक प्रश्न.” त्यांनी तीन ठिकाणी तोच प्रश्न विचारायला लावला. नम्रताने मग हसणाऱ्या कुटुंबांपैकी एक कंपनी निवडली. पण निवडण्याआधी तिचा परवाना रिझर्व्ह बँकेच्या यादीत शोधला, वेबसाइटचा पत्ता बाहेरून आलेल्या लिंकवरून न उघडता स्वतः टाईप केला, आणि ऋचाला व्हिडिओ कॉल करून घरमालकाचा खाते क्रमांक तिच्या तोंडून, करारपत्र कॅमेऱ्यासमोर धरून, वाचून घेतला. पॅन, पासपोर्टची प्रत, प्रवेशपत्र. बातम्यांतल्या भावापेक्षा बाराशे रुपयांच्या आसपास जास्तीचे गेले. “हे बाराशे,” काका म्हणाले, “कुणीतरी जबाबदार असण्याचे पैसे आहेत.”

शुक्रवारी दुपारी पडताळणी पूर्ण झाली, पैसे निघाले. आणि मग शनिवार-रविवार, जेव्हा सगळ्या देशांतल्या बँका एकदम झोपतात.

ते दोन दिवस नम्रता पुन्हा त्या निळ्या पाण्यात उतरली. स्क्रीनवर एक छोटी रेघ होती, तिच्या मध्यावर एक ठिपका: ‘पैसे वाटेत आहेत.’ रविवारी सलिल दोघींना खडकवासल्याला घेऊन गेला. धरण काठोकाठ होतं. कणसं भाजल्याचा धूर पाण्यावरून सरकत होता, अवनी सलिलच्या खांद्यावर झोपली होती, आणि नम्रता त्या स्तब्ध पाण्याकडे बघत होती. हेच पाणी जमिनीखालून, अंधारातून, कुणाला न दिसता पुण्याच्या नळांना येतं. पण ते कुठून निघालं, कुठे वळलं, कुणाच्या ताब्यात आहे, याची कुठेतरी नोंद असते. तिला वाटलं, तिचे कंदील आता असेच चाललेत. सावकाश, पण प्रत्येक वळणावर कुणीतरी त्यांचं नाव लिहून घेतंय. तेवढ्यावर तिला उभ्याउभ्या डुलकी लागली.

सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ठिपका रेघेच्या टोकाला पोचला. ऋचाकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. पावणेचारला तिचा व्हिडिओ कॉल आला. मोकळी खोली, तिरकं छप्पर, खिडकीत करड्या आभाळाचा तुकडा. “ताई, ऐक,” ऋचा म्हणाली आणि गप्प राहिली.

“काय ऐकू? काहीच ऐकू येत नाहीये.”

“तेच तर! फ्रिज नाही.”

दोघी हसल्या, मग दोघी रडल्या, आणि अवनीने पडद्यावरच्या मावशीचं नाक चाटलं.

इथे ही गोष्ट थांबवायला हरकत नव्हती. पण त्या तिघांचे पैसे अजून पुरते परत आलेले नाहीत; थोडे गोठवले गेलेत, थोडे पुढे पळाले. ग्रुपवर लोकांनी लिहू नये ते लिहिलं. ‘शिक्षिका होत्या म्हणे,’ एकाने लिहिलं. ‘कमिशन किती होतं?’ दुसऱ्याने. त्याच दिवशी कौशल्याबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या. शंभू रोज फोन करतो म्हणे, खरा शंभू. त्या ‘बरी आहे’ म्हणतात आणि ठेवतात. नम्रता मंगळवारी गेली होती. चौकटीवरून ताणकाटा काढलेला होता. दार साखळीपुरतंच उघडलं. “लाडू चांगले होते गं,” त्या आतून म्हणाल्या, “पण आता कुणाचं काही माझ्याकडे ठेवू नका.” त्यानंतर तिने तीनदा फोन केला, उचलला नाही. आणि कालपासून अवनीला ताप आहे, घराबाहेर पडता येत नाही.

म्हणून नम्रता तुम्हालाच विचारते आहे. तपकीर गल्लीच्या बाजूला तुमचं काही काम निघालं, एखादी माळ, एखादी वायर आणायला गेलात, तर टीव्हीच्या दुकानाशेजारचा जिना चढून जाल का? दुसरा मजला, डावीकडचं दार. बेल वाजत नाही, कडी वाजवा. फोन करू नका. त्यांचा आता फोनवर विश्वास नाही. पहिल्यांदा उघडणार नाहीत. थोडं थांबा, तुमचं नाव मोठ्याने सांगा, आणि त्या कशा दिसताहेत, तेवढं तिला कळवा.